अडकलेला तिसरा बोल्ट

भोकरदनच्या बसस्टँडमागे इब्राहीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. एकसष्ट वर्षांचा हा माणूस एका जागी थांबलेला फारसा कुणी पाहिलेला नाही. चहा तो चालत चालत पितो. जेवताना दोनदा उठून दाराशी जाऊन येतो. त्याची बायको मैमूना सांगते, निकाहच्या वेळी काझींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत यांनी ‘कबूल’ म्हणून टाकलं होतं.

त्या गुरुवारी दुपारी मात्र तो एका बोल्टापाशी अडला होता.

गाडी जुनी फियाट, गिरिजाबाई साळव्यांची. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान मच्छिंद्र सर सात वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा चालावी असं बाईंना फार वाटत होतं. पुण्याची मुलगी प्रीती मात्र म्हणायची, देऊन टाक. शेवटी बाईंनीच ठरवलं, शुक्रवार सकाळपर्यंत इंजिन उघडलं तर गाडी ठेवायची. नाहीतर भंगारवाल्याचा टेम्पो येईल, आणि जालन्याच्या भट्टीत तिची सळई होईल.

इंजिन उघडायचं तर हेडवरच्या, म्हणजे त्याच्या वरच्या झाकणावरच्या, पाण्याच्या नळीचे तीन बोल्ट निघायला हवे होते. दोन निघाले. तिसरा गंजून हेडशी एकजीव झालेला. जोर लावला तर आतच तुटणार, आणि तसलं हेड आता कुठे मिळत नाही.

इब्राहीमने बोल्टावर डिझेल सोडलं, गॅसच्या ज्योतीने हेड तापवलं, बोल्टाच्या कडेला मेणबत्ती टेकवली. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग सगळं आपोआप निवायची वाट पाहायची. ते त्याला जमत नव्हतं. तो पान्हे पुसायचा, रस्त्यापर्यंत जाऊन यायचा आणि मेण मुरायच्या आधीच पान्हा लावायचा. चौथ्या वेळी बोल्ट हाताला मऊ लागला. त्याने झटकन हात काढला. लोखंड सुटताना करकरतं. मऊ लागतं तेव्हा ते पिळवटत असतं, तुटायच्या बेतात.

तेवढ्यात गिरिजाबाई आल्या. काम कुठवर आलं, विचारलं. त्याने हात पुसले.

“बाई, ह्यो बोल्ट मीच बसवलेला हाय. ग्रीस न लावता. पान्ह्याला पाइप जोडून आवळल्ता.”

“घाई होती का?”

“न्हाई. सर तर म्हणत होते, सावकाश होऊ द्या. मलाच उभं राहवेना.”

बाईंनी स्टूल ओढलं. “बसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

“मी काय तुमच्या पहिलीतला हाय का?”

“पहिलीतली पोरं बसतात, इब्राहीमभाई.”

त्याने हेड पुन्हा तापवलं, मेण दिलं आणि बसला. गुडघा हलत होता. बसचा हॉर्न वाजला तसा तो अर्धा उठला; बाईंनी नुसतं पाहिलं. हेडवर तळहात टेकवता आला, तेव्हा त्यांनी मान हलवली. त्याने बोल्ट आधी कणभर आवळला, मग सोडून पाहिला. हलला नाही. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण, पुन्हा स्टूल. तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली तेव्हा बाईंनी जाऊ दिलं. नमाज पढून तो लगबगीने परतला आणि न सांगता बसला.

तिसऱ्या खेपेला ‘कट्’ असा आवाज झाला.

दोघेही थांबले. सुटतानाही तसाच आवाज येतो, तुटतानाही. इब्राहीमचा हात पुढे होईना.

“फिरवा,” बाई हळू म्हणाल्या.

त्याने फिरवलं. करकर झाली. पाव आटा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. हेडच्या ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या भुकटीने माखलेला अख्खा बोल्ट बाहेर आला. त्याने तो बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी टेम्पोवाल्याला फोन लावला. येऊ नका म्हणाल्या; का ते सांगितलं नाही. फोन ठेवून वळल्या, तर इब्राहीमने हेडच्या पहिल्या नटाला पान्हा अडकवलेला होता.


“उद्या,” बाई म्हणाल्या.

“बिलकुल उद्या,” तो म्हणाला. पान्हा मात्र त्याने काढला नव्हता.