पारूआत्याचा हात

पारूआत्या महामार्ग ओलांडायची ती आपल्या अंगणातून शेजारणीच्या अंगणात जावं तशी. कडेला क्षणभर उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि उजवा हात कोपरात न वाकवता सरळ समोर धरायची. पुण्याकडून सुसाट आलेला ट्रक फुसकारत थांबायचा. आत्या त्याच्याकडे ढुंकूनही न बघता चालू लागायची. लग्न होऊन मी शिवऱ्यात आले, तेव्हा पहिल्यांदा हे बघून मी डोळेच मिटून घेतले होते. धीर करून विचारलं, "आत्या, तो थांबला नसता तर?" ती म्हणाली, "थांबतंय. त्येला बी आई आसंलच की."

आमच्या घराच्या भिंतीला तिची भिंत. ती गावचीच लेक. नवरा ऐन तारुण्यात गेला म्हणून माहेरी परत आलेली, त्यामुळे साऱ्या गावाची आत्या. तिच्यापेक्षा वयानं मोठे म्हातारेही तिला आत्याच म्हणत आणि तीही ते हक्कानं चालवून घ्यायची. रस्त्याकडेच्या ढाब्यावर ती भाकऱ्या थापायची. आमची पिठाची गिरणी. ढाब्याचं दळण तीच घेऊन यायची आणि होईस्तोवर पायरीवर बसून गाड्यांची हजेरी घ्यायची. एखादी मोटार फारच जोरात गेली, की म्हणायची, "जा बाबा जा. घरी तुजं दूध उतू चाललंय जनू." मोटारवाल्याला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण आत्याचं काम झालेलं असायचं.

आमचं गाव रस्त्याच्या अल्याड. पल्याड थोडी घरं, बरीचशी शेतं आणि ओढ्याकाठी स्मशान. रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, तेव्हा गावासमोर त्यात एक मोकळी जागा सोडलेली होती. तिला सगळे 'कट' म्हणत. कट ओलांडला की पहिलं घर हौसाबाईचं. तिचं माहेर आणि सासर दोन्ही याच गावात. ती आणि आत्या परकरात असल्यापासूनच्या मैत्रिणी. रस्त्यावरून दिवसाकाठी चार गाड्या जायच्या तेव्हा आम्ही डांबरावर बसून सागरगोटे खेळलोय, असं आत्या सांगायची. खरंखोटं देव जाणे. भाकऱ्या उरकल्या, की रोज उन्हं उतरताना ती हात करून पल्याड जायची. "रोज एवढं काय बोलता हो?" मी एकदा विचारलं. "काय न्हाई. ती सांगती तिचं गुडघं दुखत्यात, मी सांगते माजं. दोगींचं ऐकून झालं की उठायचं."

गावात कुणी गेलं, की तिरडी कटाजवळच्या लिंबाखाली टेकवायची रीत होती. तो विसावा. तिथे दगड ठेवतात, तिरडी फिरवून घेतात, खांदेकरी बदलतात. बाया तिथवरच जातात आणि माघारी वळतात. आत्या वळायची नाही. ती पुढे होऊन रस्त्यात उभी राहायची, हात करून आधी अलीकडच्या आणि मग पलीकडच्या गाड्या थोपवायची आणि तिरडी पार ओढ्याच्या वाटेला लागेपर्यंत हात खाली घ्यायची नाही. एखाद्यानं मागून भोंगा वाजवलाच तर त्याच्या काचेजवळ जाऊन सांगायची, "जल्मभर पळालंय बिचारं. आता तरी त्येला हार्न ऐकवू नगंस." माझ्या सासऱ्यांना तिनं असंच पल्याड पोचवलं. लिंबाखाली उभी राहून मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मला फार आधार वाटला होता.

आम्ही सगळे तिच्याकडूनच हात करायला शिकलो. शाळेची पोरं शिकली, भारे घेऊन येणाऱ्या बाया शिकल्या. पाहुणे आले की आम्ही कौतुकानं हात करून दाखवायचो. शिवऱ्याच्या माणसाला गाडी थांबते, अशी आमची खात्रीच होऊन बसली होती. ट्रकवाले त्याच रस्त्यानं वर्षानुवर्षं जाणारे, आत्याच्या हातची भाकरी खाल्लेले, म्हणून थांबत होते. हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हौसाबाईचा नवरा किसनभाऊ एका सकाळी दूध घालून घरी परत निघाला होता. कटापाशी त्यानं हात केला. ट्रक थांबला. ट्रकच्या आडून आलेली मोटार थांबली नाही.

आत्या ढाब्यावरून धावत आली तेव्हा किटली अजून रस्त्यात पडलेली होती. ती खाली बसली आणि एकच सांगत राहिली, "त्येनं हात केला व्हता. म्याच दावला व्हता त्येला." दुपारी मातीला जायचं म्हणून ती रस्त्याच्या कडेला आली, पदर सारखा केला, पण हात काही उचलेना. शेवटी माझ्या मालकांनी तिला दंडाला धरून पल्याड नेलं. त्या दिवसानंतर तिनं कधी हात केला नाही. हौसाबाईनं तिला एका शब्दानंही बोल लावला नाही. बोल लावला असता तर आत्याला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

पुढे रस्त्याच्या खात्याची माणसं ग्रामसभेला आली. कट बंद करायचा, गावाला सर्व्हिस रोड द्यायचा आणि लांब वरवे गावाच्या बाजूला रस्त्याखालून बोगदा काढायचा, असं त्यांनी नकाशा लावून सांगितलं. गाव खवळलं. शेतं पल्याड, स्मशान पल्याड, रोज एवढा वळसा कोण घालणार? सगळ्यात मोठा आवाज ढाबेवाल्या रामभाऊचा, कारण कट गेला की पल्याडून वळून येणारे ट्रक गेले. बायांच्या घोळक्यातून आत्या उठली. म्हणाली, "बंद करा."

"आत्या, तुमी माज्याच ढाब्यावर भाकऱ्या थापता," रामभाऊ म्हणाला.

"थापते की. उद्या बी थापीन. पन बंद करा."

मागून कुणीतरी टोमणा मारला, "आन मैतरनीकडं कशा जानार? गुडघं तर वाजत्यात तुमचं."

पलीकडच्या भिंतीशी हौसाबाई बसली होती. तिच्याकडे बघतच आत्या बोलली, "न्हाई जानार. मी न्हाई गेले तर मैतरीन ऱ्हाईल तरी. त्यो कट ऱ्हायला, तर आमच्या दोगींतली कोन तरी त्येच्यात जायाची." हौसाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यात आधी हात वर केला, बंद करण्याच्या बाजूनं.

कट बुजला. रामभाऊनं आत्याशी बोलणं टाकलं, पण भाकरी टाकता येईना. गिऱ्हाईक तिच्याच भाकरीला यायचं. मग "तिला सांगा, पीठ आलंय," असं तो तिच्यासमोर उभा राहून पोऱ्याला सांगायचा. आत्याही पोऱ्यालाच म्हणायची, "त्येला सांग, दिसतंय मला."

दुभाजकात कण्हेर लावली. आधी रोपंच होती, तेव्हा दोघी आपापल्या कडेला उभ्या राहून एकमेकींना दिसायच्या, काहीतरी ओरडायच्या आणि गाड्यांच्या आवाजात ऐकू आल्यासारखी मान हलवायच्या. मग कण्हेर वाढली. हौसाबाईचं दार झाकलं, मग खिडकी, मग पत्रा. तरी आत्या संध्याकाळी कडेला जाऊन उभी राहायचीच. "कन्हेर लई माजली," एवढंच म्हणून परत यायची. आम्ही कधी गाडीवरून सोडतो म्हटलं तर "रोज रोज कुनाला तरास द्यायचा?" बाजाराच्या दिवशी मात्र नसरापूरला जाणारा टेम्पो तिला बोगद्यापाशी उतरवायचा. पलीकडून हौसाबाई काठी टेकत यायची. दोघी बोगद्याच्या मधोमध, भिंतीकडेला पोतं टाकून बसायच्या आणि शेंगा फोडायच्या. वरून ट्रक गेला की सगळा बोगदा घुमायचा. आत्या वर बघून म्हणायची, "जा बाबा जा." मी एकदोनदा त्यांच्यात बसले आहे. त्या शेंगांची चव घरी येत नाही.

कट बुजल्यापासून गावासमोर रस्त्यात कुणी दगावलं नाही. एकदा मी आत्याला तसं म्हटलं. दळण पाटीत भरताना ती म्हणाली, "बंद केलं त्ये बरंच केलं. पन सांजच्याला पाय तिकडंच वळत्यात पोरी, त्येला काय करू?" मी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

या थंडीत ती गेली. थोडा ताप आल्याचं निमित्त झालं. कट बंद झाल्यावर गावानं नवी सोय काढली होती. लिंबाखाली विसावा करायचा आणि तिरडी टेम्पोत घालून बोगद्यातून न्यायची. टेम्पो आला, तर रामभाऊनं त्याला परत लावलं. म्हणाला, "आत्याला टेम्पोत न्हाई घालायची. खांद्यावर न्यायची, चालत." मग म्हाताऱ्यांनी हिशोब घातला, की चालत जायचं तर निम्म्या वाटेवरचा विसावा लिंबाखाली नाही, बोगद्यात येतो. म्हणून त्या दिवशी आम्ही बायाही बोगद्यापर्यंत गेलो.

हौसाबाई आधीच येऊन उभी होती, त्यांच्या नेहमीच्या जागी. तिरडी आत शिरली आणि नेमका पलीकडच्या तोंडातून दुधाचा टेम्पो भोंगा वाजवत आला. हौसाबाईनं काठी भिंतीला टेकवली. रस्त्याच्या मधोमध आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उजवा हात सरळ समोर धरला. टेम्पो थांबला. पोरगेला ड्रायव्हर खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला.

तिरडी टेकली, दगड ठेवला, खांदेकरी बदलले. रामभाऊ पुढच्या खांद्याला गेला. तिरडी पलीकडे उन्हात जाईपर्यंत हौसाबाईनं हात खाली घेतला नाही. मी काठी आणून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "पारू म्हनायची, थांबतंय."

विसाव्यावरून बायांनी माघारी वळायचं असतं. आम्ही वळलो. हौसाबाईचं घर पल्याड, तिची वाट तिरडीचीच. उन्हं उतरायला लागली होती. काठी टेकत ती एकटीच आत्याच्या मागोमाग गेली.