करमत नाही, ते वयाचं की पिढीचं

सांगलीत आलो तेव्हा वाटलं होतं, करमत नाही ते नव्या जागेमुळं. दुसरं वर्ष लागलं तरी करमेना, तेव्हा थोडी भीती वाटायला लागली. विश्रामबागेत मी खोली घेऊन राहतो. मेसमध्ये सगळे तांब्याला मोबाईल टेकवून बघत जेवतात. मीही तसंच जेवतो. मुलं वाईट नाहीत. चहाला चल म्हणतात. काम आहे असं सांगून मी टाळतो, आणि खोलीवर येतो तर काम काहीच नसतं.

संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला एक प्रकल्प करावा लागतो. आमच्या विभागात बरीच जुनी माहिती पडून आहे. काही-काही वर्षांनी आमच्या आधीचे विद्यार्थी सांगली-साताऱ्याच्या गावांत जाऊन लोकांना विचारत आलेत, आयुष्यात किती समाधानी आहात, शून्य ते दहामध्ये सांगा. एकटं वाटतं का, तेही तसंच सांगा. सरांनी विषय वाचून दाखवले तेव्हा मी हा मागून घेतला. का मागितला, ते सांगायला जीभ रेटली नाही.

सरांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते. वय, काळ, पिढी. माणसाला एकटं वाटतं ते या तिघांपैकी कशामुळंही असू शकतं. ते समजावून सांगत होते आणि मी मनात माझंच मांडत होतो. विशीत सगळ्यांनाच असं होत असेल, तर वय सरेल तसं ते जाईल. हल्लीचे दिवसच असे असतील, तर लहानथोर सगळेच त्यात आहेत, आणि दिवस बदलतात. पण ते पिढीचं असेल, म्हणजे घरातून पहिल्यांदाच शिकायला बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांचं असेल, तर ते जायचं नाही. ते माझ्याबरोबरच म्हातारं होणार. माझं यातलं कुठलं, एवढंच मला कळायला हवं होतं.

अडचण साधी आहे आणि तिला उपाय नाही. पिढी म्हणजे जन्मसाल, काळ म्हणजे पाहणीचं साल, आणि या सालातून जन्मसाल वजा केलं की वय येतं. दोन गोष्टी कळल्या की तिसरी आपोआप ठरते, म्हणून तिघांचे परिणाम नीट सोडवता येत नाहीत. आलेखाच्या रेषेतली वळणं दिसतात, पण ती एकूण चढते किंवा उतरते ती कुणामुळं, ते सांगता येत नाही. संगणकाला तिन्ही रकाने दिले की तो एक मुकाट्यानं गाळतो. मी क्रम बदलून पाहिला, तर त्यानं दुसराच गाळला. सर म्हणाले, याचं उत्तर आकड्यांत मिळणार नाही. बाहेरून काहीतरी गृहीत धरावं लागतं, आणि काय धरलं ते सरळ लिहावं लागतं.

मग मी धरलं. माणदेशातल्या मेंढपाळ घरांत एका पिढीचे समाधानाचे आकडे प्रत्येक पाहणीत खालीच होते. म्हणून मी पिढीच्या बाजूनं कौल दिला आणि मसुद्यात लिहिलं की ही पिढीच असमाधानी आहे. ती माझ्या आईवडलांची पिढी, आणि आमचं घरही त्या मेंढपाळांतलंच.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. भाऊ महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, सीझन म्हणून तो आला नव्हता. घरी आई, आबा म्हणजे वडील, आणि थोडी मेंढरं. दिवस मावळताना आई अंगणातल्या चुलीवर भाकरी थापत होती. मी सहज म्हणून आबांना तोच प्रश्न विचारला.

"लिव्ह पाच," आबा म्हणाले.

आई हसली. "पाच व्हय? मेंढरं किती म्हणून इचारल्यावर सांगत्यात, तसंच सांगितलं बघ."

आमच्यात कळपाचा खरा आकडा बाहेर सांगत नाहीत. दृष्ट लागते. असतील त्याहून कमीच सांगायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण सुखाचा आकडाही तसाच सांगत असतील, हे डोक्यात आलं नव्हतं.

"मग खरं किती, आबा?"

"आरं, खरं सांगून नजर लावून घ्यू का?"

माझा कौल तिथंच गेला. आणि सुख कमी करून सांगणारी माणसं एकटेपण तरी पुरतं कशाला सांगतील? त्यांच्या एकटेपणाच्या रकान्यातले आकडे अगदी लहान होते. त्यांच्याशी ताडून मी मनात आमच्या पिढीचं दुखणं मोठं ठरवलं होतं. आता तेही ठरवता येईना. शिवाय मी तरी वेगळा कुठं होतो? फोनवर आईनं करमतंय का विचारलं की मी लय करमतंय म्हणायचो.

"आबा, मला तिथं करमत न्हाई," मी म्हणालो.

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"मलाबी न्हवतं करमत," आबा म्हणाले. "तुझ्यायवढा हुतो तवा. दीस दीस माणूस दिसायचं न्हाई माळाला."

"मला कवा बोलला न्हाईसा," आई म्हणाली.

"तू कवा इचारलंस?"

"मेंढरांसंगं बोलायचा, त्येवढं माझ्यासंगं बोलला असता तर इचारलं असतं."

आबा हसले. मी विचारलं, "मग कवा गेलं ते?"

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "ध्यानात न्हाई रं. गेलं का न्हाई, त्येबी सांगता यायचं न्हाई."

सांगलीला परत येऊन मी मसुद्यातलं ते वाक्य काढलं. तीन परिणाम वेगळे करता आले नाहीत असं लिहिलं, आणि आमची माणसं आकडा का लपवतात तेही. सरांना ते पटलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नाही. मेसमध्ये मी अजून मोबाईल बघतच जेवतो.

त्याच आठवड्यात आबांचा फोन आला. ते आपणहून कधी फोन करत नाहीत. जेवलास का विचारलं, हो म्हणालो, आणि दोघांचंही बोलणं संपलं. त्यांनी फोन तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला असावा, कारण पाला ओढल्याचा, मेंढरांचा, कुत्र्याला हाड म्हटल्याचा आवाज येत राहिला. मी खोलीत कॉटवर बसून ऐकत होतो. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं.

"चालूच हाय व्हय? ठिवू का?"

"न्हाई आबा," मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या जरा."