मंगळाकडे लावलेले कान

ज्यांना आयुष्यात काहीतरी सापडतं, ते म्हातारपणी तेवढंच एक सांगत बसतात. आम्हाला काहीच सापडलं नाही, म्हणून आमच्याकडे किश्श्यांचा हा ढीग! मंगळावरच्या लोकांचा रेडिओ ऐकायला बसणारी आमची तिघांची कंपनी होती. अख्खं सोलापूर आम्हाला येडी कंपनी म्हणायचं. आज आठवलं की हसू येतं, आणि हसून झालं की फार वाईट वाटतं.

मी रेल्वेत तारबाबू. बशीरभाई घड्याळजी. आणि आमचे म्होरके गोपाळराव, कापडाच्या गिरणीत सांचेखात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम. शेकडो माग एकदम खडखडणाऱ्या त्या खात्यात त्यांनी उभी उमर काढलेली. गिरणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना आपला जुना रेडिओचा सेट त्यांना देऊन गेला. त्याच सुमारास पेपरात आलं, की मंगळ पृथ्वीच्या जवळ येतोय आणि अमेरिकेत लोक रेडिओ लावून त्याचे संदेश ऐकणार आहेत.

झालं! गोपाळराव म्हणाले, "अमेरिकेवर उगवतो त्यो मंगळ सोलापुरावर उगवत न्हाई व्हय?"

* * *

गोपाळरावांच्या माळवदावरून शेजारच्या कडुलिंबापर्यंत आम्ही एरियलची तार ओढली. एका संध्याकाळी सेट एकदम मुका. बशीरभाईंनी व्हॉल्व्ह काढून पुसले, मी सगळे जोड तपासले, काही उपयोग नाही. शेवटी वर जाऊन बघतो तर तारेवर वहिनींचं ओलं लुगडं, आणि तार खाली लोंबून पार पत्र्याला टेकलेली!

गोपाळराव तणतणत खाली आले. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा मंगळ इतक्या कोसांवरनं येतोय, आन् त्याला एक लुगडं ओलांडता येईना?"

जॉबरसाहेबांनी वर जाऊन स्वतःच लुगडं कठड्यावर वाळत घातलं.

* * *

तारेमुळे पोलिसांना संशय आला. चळवळीचे दिवस होते, सरकारला पानं हलली तरी बंड दिसायचं. एक हवालदार चौकशीला आला. गोपाळरावांनी त्याला माळवदावर नेलं आणि तांबडा मंगळ बोटानं दाखवला. हवालदार टोपी सावरत बराच वेळ बघत राहिला.

"तितं राज्य कुनाचं हाय?"

"अजून तरी कुनाचं न्हाई."

"मग ऐका की खुशाल! पर सरकारच्या इरोदात कायबी बोलले, तर चौकीवर कळवायचं!"

आम्ही कबूल झालो.

* * *

मग एकदा खरंच ठोके ऐकू आले. टक-टक, टक-टक, अगदी एका मापात. बशीरभाईंनी हेडफोन माझ्या कानाला लावला, पण मला तारेच्या भाषेतलं एकही अक्षर जुळेना. गोपाळरावांनी तर दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. आठवडाभर रोज संध्याकाळी तेच ठोके. आम्ही आळीत पेढे वाटले!

रविवारी मात्र सगळं चिडीचूप. सोमवारी पुन्हा टक-टक. बशीरभाई दाढी खाजवत म्हणाले, "मंगलवाले भी इतवार की छुट्टी लेते क्या जी?"

शोध घेतला तर गिरणीत नवी आलेली एक विजेची मोटार ठिणग्या टाकत होती, तिचे ते ठोके. रविवारी गिरणी बंद, म्हणून मंगळही बंद! पेढे खाल्लेली आळी महिनाभर आम्हाला हसत होती. गोपाळराव एवढंच म्हणाले, "असूं दे. मला ऐकू तर आलं."

त्या वाक्याकडे आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही.

* * *

पुढच्या हिवाळ्यात बशीरभाईंच्या मिशा फारच वाढल्या. खालचा ओठसुद्धा दिसेना. एक दिवस गोपाळराव त्यांच्यावर खेकसले, "बशीरभाई, आदी त्या मिशा कापा! तुमचं बोलनं ऐकू येईना झालंय!"

आम्ही खो खो हसलो. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत.

गोपाळराव आत गेल्यावर त्यांनी सांगितलं. मागांच्या खडखडाटात कुणाचा शब्द कुणाला ऐकू येत नाही. सांचेखात्यातली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. गोपाळराव कित्येक दिवस आमच्याशी तसेच बोलत होते. "डाक्टर म्हनला, कान आता फार दिस टिकायचे न्हाईत. ह्यांचं एकच चाललंय, ते जायच्या आत मंगळाचं एकदा ऐकायचं."

मंगळ जवळ येतो दोन वर्षांतून एकदा. कान तितके थांबतील का, हे विचारायची आमची छाती झाली नाही. आणि हेडफोनला ओठ नसतात.

बशीरभाईंनी दुसऱ्याच दिवशी मिशा सफाचट केल्या.

* * *

मंगळ पुन्हा जवळ आला, त्या दिवशी सकाळपासून धुळीचा वारा सुटला होता. तिन्हीसांजेला आम्ही माळवदावर जमलो. वहिनीही पहिल्यांदाच येऊन बसल्या. बशीरभाईंनी सेट वर आणून लावला, ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. मी ऐकलं. नुसती खरखर, तीही इतकी की कान दुखायला लागले. हेडफोन मी खाली ठेवला तरी ती हातभर अंतरावर बसलेल्या वहिनींना ऐकू येत होती.

गोपाळरावांनी टोपी काढली, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. हळूहळू त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी त्यांना पेढ्यांच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"तारबाबू," ते म्हणाले, "आजच्यावानी सेट कंदी लागला न्हवता बगा! जरा म्हनून खरखर न्हाई. लई सोच्छ! आता त्यांनी बोलायचीच काय ती खोटी!"