प्रीतीनं अध्यक्षांचा फोन अडवला

आमची नातसून प्रीती दुष्काळी म्हसवडची. लग्न होऊन कृष्णाकाठी आली तेव्हा नळ गळताना दिसला की आधी तो बंद करायची, मग पाया पडायची. सांगलीत कॉम्प्युटर शिकली आणि आमच्या पाणी संस्थेचं ॲप तिनं एकटीनं केलं. कुणाच्या उसाला कोणत्या वारी पाणी, ती पाळी फोनवरच मागायची. वर्षभर बरं चाललं.

चैत्रात राहीबाईची पाळी यादीतनं गेली. एकटी बाई, ऊस करपायला लागलेला. अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, रविवारच्या बैठकीत ॲप बंद, पुन्हा वही काढा. प्रीतीनं तेवढे चार दिवस मागून घेतले.

शोधलं तर पाळी माझ्या पुतण्यानं, धन्यकुमारनं, रद्द केलेली. त्याच्या मनात काही नव्हतं. दुसऱ्या एका चुलत्याची पाळी रद्द करायची होती, त्याचा नंबर एकशे चौदा, यानं दाबला राहीबाईचा एकशे एक्केचाळीस. आमच्याकडे भावकीतला एकच शहाणा सगळ्यांच्या पाळ्या लावतो. म्हणून प्रीतीनंच, वडीलधाऱ्यांचं ऐकून, एकाच्या फोनवरून दुसऱ्याचा नंबर चालेल असं ठेवलं होतं.

मला तिनं समजावलं ते असं. ओटीपी टाकून आपण ॲपमध्ये शिरलो की संस्थेचा कॉम्प्युटर आपल्याला टोकन देतो. आपण कोण, हे त्यात शिक्का मारून ठेवलेलं असतं. पुढं काहीही मागितलं की ते टोकन सोबत जातं. पण हा कॉम्प्युटर टोकन खरं आहे एवढंच बघायचा आणि सभासद नंबर समोरचा सांगेल तो धरायचा. म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरनं पास खरा आहे हे बघायचं, आणि त्यावरचं नाव न वाचता माणूस सांगेल ते नाव मान्य करायचं. चार दिवसांत तिनं कॉम्प्युटरला नाव वाचायला शिकवलं. मी म्हटलं, मला चौथी पास व्हायला याहून जास्त लागले.

रविवारी सगळी संस्था जमली. हंबीररावांनी स्वतःचा फोन काढला. "राहीबाईची पुढची पाळी हितनं काढून दाखवतो. निघाली, की तुझं ॲप बंद."

त्यांनी नंबर दाबला. ही पाळी तुमची नाही, असं फोनवर आलं. पुन्हा दाबला, तेच. तिसऱ्यांदा चष्मा पुसून दाबला.

"अध्यक्षाला बी न्हाई व्हय गं?"

"अध्यक्ष म्हणून तुमाला सगळं दिसंल, काका. पण राहीमावशी व्हता येणार न्हाई."

हसता हसता कुणाचा तरी पानाचा डबा सांडला.

भावकीची सोयही तिनं मोडली नव्हती. त्या चुलत्यानं आपल्या फोनवरून एकदा परवानगी दिली आणि धन्यकुमारनं त्याची पाळी लावली. यादीत दोघंही दिसले, पाळी कुणाची आणि मागितली कुणी. मग प्रीतीनं राहीबाईला विचारलं, तुम्ही देता का धन्यकुमारला परवानगी? ती म्हणाली, "आधी त्याला पाढे येऊ देत." आणि स्वतःच्या फोनवर, एका बोटानं, गेलेल्या पाळीच्या बदल्यात मंगळवार मागून घेतला.

ॲप चालू ठेवायचा ठराव झाला. मांडला हंबीररावांनीच.

मंगळवारी पाणी राहीबाईच्या सरीत शिरलं तेव्हा प्रीती चप्पल काढून मधोमध उभी राहिली. राहीबाईनं उसातनं हाक दिली, "आवं इंजिनेर, जरा बाजूला व्हा, माजं पाणी अडतंय."