लालशिक्के देव तपासतात

लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात माणसं नोकरीला लागताना साधी असतात आणि निवृत्त होईपर्यंत कुरकुरी होतात, पण लालशिक्के पहिल्या दिवसापासूनच कुरकुरे होते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खात्यात पास झालेल्या लिफ्टच्या कागदावर हिरवा शिक्का बसतो आणि नापास झालेलीच्या कागदावर लाल. यांच्या टेबलावरचं हिरव्या शाईचं पॅड वापराविना वाळून कडकडीत झालं होतं, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. हे पदवी मिळाल्यासारखे मिरवायला लागले.

तपासणीचा तक्ता एक्केचाळीस मुद्द्यांचा असतो. दोर, ब्रेक, दरवाज्याची फट, तळाचा खड्डा, आतली घंटी वगैरे. चाळीस मुद्दे ठणठणीत असले आणि एक चुकला तरी लिफ्ट बंद. लिफ्टच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचाच आहे, तिथे माणसांचे जीव टांगलेले असतात. लालशिक्क्यांनी मात्र तो सगळ्या जगाला लावला. साडू एकदा जेवायला तासभर उशिरा आला, साडू बंद. शेजाऱ्याने जिन्यात सायकल ठेवली, शेजारी बंद. सख्खा भाऊ वडिलांच्या आजारपणात दोनदा आला नाही, भाऊ कायमचा बंद. बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणसांच्या आतलं मोडकंतोडकं रोज बघायची आणि तरीही माणसांशी बरी वागायची. ती या तपासणीतून कशी पार पडली, याचं तिच्या माहेरी अजून नवल करतात.

देवाला तर त्यांनी कॉलेजातच बंद करून टाकलं होतं. मेल्यावर काही उरत नाही, चांगलं वागायला वरून कोणाला पहारा द्यावा लागत नाही, बाई आणि पुरुष सारखे, आणि भीती घालून कोणी शहाणं होत नाही, ही त्यांची मतं. मतं चांगलीच होती. फक्त ती सांगताना ते नाकाने कांदे सोलायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला उगाचच देवाची कड घ्यावीशी वाटायची.

मग त्यांचे वडील वारले. वडील यांच्याच घरी खिडकीजवळच्या खोलीत राहायचे आणि रोज नऊ वर्षांच्या थोरलीला शाळेतून घरी आणायचे. चौथ्या दिवशी थोरलीने विचारलं, आजोबा कुठे गेले. पाच वर्षांचा धाकटा तिचा हात धरून शेजारी उभा होता. कोणाही बापाने अशा वेळी घसा खाकरला असता, पाणी प्यायला उठला असता. लालशिक्के म्हणाले, "कुठेच नाही. संपले." आणि खरं बोलल्याचं समाधान तोंडावर घेऊन ते पेपर वाचायला बसले.

थोरली दुसऱ्या दिवसापासून दारं राखायला लागली. आई आंघोळीला गेली की ही बाहेर उभी, दर मिनिटाला "आई, आहेस ना?" आतून "आहे" आलं की पुढचं मिनिट. दुपारी धाकटा झोपला की त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. शाळेत पोटात दुखतंय म्हणून ऑफिसात जायची आणि तिथून आईला फोन करायची, बोलायची मात्र काहीच नाही, नुसता आवाज ऐकून ठेवून द्यायची. महिन्याभरात तिचे गाल आत गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, आजार नाही, पोरीला धरायला काहीतरी हवंय.

घरी आल्यावर बायकोने शांतपणे सांगितलं, "तुझ्याकडे तिला द्यायला काही नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे नेऊ. मग ते देव मानणारे का असेनात."

लालशिक्क्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोलीचं दार पुरतं लागलेलं नव्हतं आणि त्याच्या फटीतून थोरलीचे दोन अनवाणी पाय दिसत होते. त्या पायांकडे बघून ते कबूल झाले. अट एकच, मुलांना खोटं शिकवायचं नाही. आपल्या मतांना धरून असलेला धर्म मिळाला तर आपलं काही म्हणणं नाही. मग त्यांनी त्याचाही तक्ता केला. एकोणीस मुद्द्यांचा. धर्म ही लिफ्टपेक्षा सोपी वस्तू असावी, असा त्यांचा अंदाज दिसतो.

पहिल्या रविवारी चौघं एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर गेले. तिथली मंडळी दारातच छातीवर नावाची पट्टी चिकटवायची आणि सगळे दात दाखवून हसायची. त्यांचा गुरू गालावर माईक चिकटवून फिरत होता आणि दुःख ही आपण आपल्या आवडीने निवडलेली गोष्ट आहे, असं पटवून देत होता. थोरलीने हात वर केला आणि आपले आजोबा वारले ते कोणी निवडलं, असं विचारलं. त्या महापुरुषाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आजोबांनीच, असं सांगितलं. लालशिक्के ताडकन उठले. जाता जाता तिथल्या लिफ्टच्या दरवाज्याबद्दलही दोन शब्द सुनावून आले.

दुसरी जागा तळघरात. बायकांनी मागच्या दाराने यायचं आणि पडद्यामागे बसायचं. व्यासपीठावरचा दाढीवाला पाप्यांना मेल्यावर कसं भाजतात हे असं चवीने सांगत होता, की हा गृहस्थ तिथे हाताखाली काम करून आला असावा असं वाटावं. अकराव्या मिनिटाला हे कुटुंब रस्त्यावर होतं. तिसऱ्या जागी मौन. तासभर चाळीस माणसं डोळे मिटून बसली आणि धाकट्याच्या शिंकेपलीकडे काही ऐकू आलं नाही. लालशिक्क्यांना बरं वाटलं. पण मौन सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी जो तो आपल्या मौनाची टिमकी वाजवायला लागला. एक गृहस्थ म्हणाले, गेल्या हिवाळ्यापासून माझी शांतता बरीच खोल गेलीय. बंद.

चौथी जागा म्हणजे देव न मानणाऱ्यांचं मंडळ. इथे लालशिक्के मोठ्या आशेने गेले आणि मनातल्या मनात एकोणीसच्या एकोणीस मुद्द्यांवर बरोबरच्या खुणा करत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हिरवी शाई आठवली. पहिला तास मागच्या सभेचं इतिवृत्त दुरुस्त करण्यात गेला, दुसरा खिडकी उघडी ठेवावी की बंद या वादात. मग थोरलीने आपला प्रश्न विचारला. निवृत्त प्राध्यापकांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून उत्तर दिलं, "बाळ, ते संपले."

थोरलीने बापाकडे बघितलं. "हे तर तू सांगितलंच होतंस," ती म्हणाली आणि धाकट्याला घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली. लालशिक्क्यांनी मग खिडकीच्या वादाचं कारण काढून तेही मंडळ नापास केलं.

तोवर घरात एक वेगळीच गंमत सुरू झाली होती. येताना गाडीत लालशिक्के प्रत्येक जागेची नक्कल करायचे. गुरूचा माईक, दाढीवाल्याचं भाजणं, खोल गेलेली शांतता. नकला ते झकास करायचे, हे मान्य केलं पाहिजे. तुच्छतेची चटक लागते आणि मुलांना तर लगेच लागते. धाकटा दाढी असल्यासारखी हनुवटी चोळत घरभर हिंडायचा. थोरली हसायची, घरी पोचायची, आणि आई हातपाय धुवायला गेली की दाराशी जाऊन उभी राहायची.

पाचवी जागा सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा एक हॉल. वीसेक माणसं, बहुतेक म्हातारी. पंख्याचं एक पातं वाकडं. गाणी इतकी बेसूर, की दोघं एकाच सुरात आले तर तो योगायोग. पुढे उभा राहणारा माणूस निवृत्त बसड्रायव्हर होता आणि प्रार्थना थांबे पुकारावेत तशी म्हणायचा. लालशिक्क्यांनी त्याला गाठून विचारलं, तुम्ही लोक नक्की मानता काय? तो म्हणाला, ते अजून ठरतंय. किती वर्षं ठरतंय? तो म्हणाला, साठेक झाली.

प्रार्थनेच्या शेवटी त्यांच्यात एक रीत होती. दाराशी एक डबा ठेवलेला असायचा. ज्याला वाटेल त्याने आपल्या मेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. ड्रायव्हर एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचायचा आणि हॉलभर सगळे एकदम म्हणायचे, "आठवण आहे." एवढंच. माणूस कोणाचा, कुठला, कधी गेला, कोणी विचारायचं नाही. थोरलीने कोणालाही न विचारता चिठ्ठी लिहिली. आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सहावी की सातवी चिठ्ठी तिची निघाली. ड्रायव्हरने ती अडखळत वाचली आणि वीस म्हाताऱ्या गळ्यांनी म्हटलं, आठवण आहे. थोरली ताठ उभी होती. हात लागले तर फ्रॉक चुरगळेल, तसे तिने ते अंगापासून दूर धरले होते.

येताना गाडीत लालशिक्क्यांनी दोन चौक कसाबसा दम धरला. मग म्हणाले, "वीस जणांना माझ्या बापाची आठवण आहे म्हणे. त्यातल्या एकाला विचारा, म्हाताऱ्याला टक्कल होतं की केस." आणि ड्रायव्हरचा आवाज काढून ते पुढे पुकारायला लागले, पुढचा थांबा स्मशान, उतरणाऱ्यांची आठवण आहे. धाकटा खिदळला. थोरलीही हसली. सगळ्यांत मोठ्याने हसली आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ हसतच राहिली. बायको हसली नाही. लालशिक्क्यांच्या तक्त्यात पहिलाच मुद्दा होता, खोटं बोलू नये. न बघितलेल्या माणसाची आठवण म्हणजे शुद्ध खोटं. पाचवी जागाही बंद, आणि शोध संपला असं त्यांनी जाहीर केलं.

त्या आठवड्यात थोरली दारावर बोटांनी टकटक करायला लागली, नुसत्या "आहे"वर तिचं भागेना. पण पुढे हळूहळू ते कमी झालं. दोन महिन्यांनी एका सकाळी लालशिक्क्यांच्या लक्षात आलं, की बायको आंघोळीला गेलीय आणि पोरगी आत टेबलाशी चित्र काढत बसलीय. गालही भरले होते. लालशिक्क्यांना वाटलं, आपलं सत्य अखेर तिच्या अंगी लागलं. ऑफिसात त्यांनी चार जणांना ऐकवलं, की मुलांना खरं सांगावं, पचायला वेळ लागतो इतकंच. चौघांनी माना डोलावल्या, कारण चौघांनाही चहाला जायचं होतं.

रविवारी सकाळी बायको मुलांना घेऊन पोहायला जायची. एकदा ती परत आल्यावर लालशिक्क्यांनी सवयीने पिशवी उघडून बघितली. टॉवेल कोरडा. पोहायचे कपडे कोरडे. त्यांच्या घड्यादेखील मोडलेल्या नाहीत. त्यांनी ते सगळं टेबलावर पुराव्यासारखं मांडलं.

बायकोने आढेवेढे घेतले नाहीत. सायकलच्या दुकानावर जातो आम्ही, म्हणाली. नऊ रविवार झाले.

"मी नापास केलं होतं ते," लालशिक्के म्हणाले. "ते तिच्याशी खोटं बोलतात."

"तिला माहीत आहे," बायको म्हणाली. "तरी ती जाते. आणि दाराशी उभी राहत नाही. तेवढं एक तुझ्या तक्त्यात कुठे बसतं का बघ."

आठवडाभर लालशिक्के तोंड फुगवून हिंडले. शेवटी त्यांनी मोठं मन करायचं ठरवलं. लहान मनाची माणसं मोठं मन करतात तेव्हा आधी इस्त्रीचा शर्ट घालतात. रविवारी तो घालून ते दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मीपण येतो. आपण इतका मोठेपणा दाखवतोय तर निदान पोरीने गळ्यात पडावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

थोरली खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने वर न बघता सांगितलं, "बाबा, तू येऊ नकोस."

"मी एक शब्द बोलणार नाही."

"बोलत नाहीस तेव्हापण तू बघत असतोस. तू असलास की मलापण दिसायला लागतं."

"काय दिसायला लागतं?"

"की त्यांनी आजोबांना कधी बघितलंच नाहीय."

तिने गाठ मारली आणि उठली. उठताना तिला बापाचा चेहरा दिसला. पोरगी स्वभावाने आईवर गेलेली. तिला त्याची दया आली. जवळ येऊन तिने त्याच्या शर्टाची बाही थोपटली. आजारी माणसाला थोपटावं, तशी.

"तू काळजी नको करूस," ती म्हणाली. "तू संपलास ना, की मी तुझीपण चिठ्ठी टाकेन. ते म्हणतील."

मग ती धाकट्याचा हात धरून आईच्या मागे जिना उतरली. लालशिक्के दारात उभेच होते. त्या लोकांना माझं काय माहीत, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण मग त्यांना आठवलं, की त्या वीस जणांनी आपल्याला बघितलंय. सबंध तासभर. मागच्या रांगेत, तोंड वाकडं करून बसलेलं.