उभे वकील

उल्हासनगरच्या कोर्टात त्यांना सगळे उभे वकील म्हणायचे. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार जो वकील देतं, ते हे. आपला आरोपी पिंजऱ्यात उभा असेल तोवर हे खुर्चीला टेकत नसत. पाय सुजलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा, तरी उभे. शिपाई खुर्ची सरकवायचा, तर म्हणायचे, "तो बसला की बसतो."

माझा धाकटा भाऊ सुनील अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर होता. तिथली तांब्याची तार चोरीला गेली आणि वॉचमनने सांगितलं, पहाटे सुनील भिंतीवरून उडी मारत होता, मी त्याचा चेहरा पाहिला. सुनील जेलात गेला आणि त्याला वकील मिळाले ते हे. मी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. एरवी आपल्याकडे फुकट ते पौष्टिक. पण वकील फुकटचा मिळाला की वाटतं, यात काही दम नाही.

माझी भीती अगदीच खोटी नव्हती. अशा वकिलांतले काही जण आरोपीचं नावसुद्धा पिंजऱ्याशी येऊन विचारायचे. उभे वकील मात्र जेलात जाऊन सुनीलशी तासन्‌तास बोलायचे. बदलापूर स्टेशनवरून खरवईला आमच्या घरी चालत आले. एकदा पहाटे उठून त्या कारखान्याच्या भिंतीशीही जाऊन आले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "कोर्टात कळेल."

मला धीर कुठला? मामा म्हणाला, "फुकटचा वकील समोरच्याला सामील असतो रे. पैसे घेणारा बघ." वॉचमनची उलटतपासणी दोन दिवसांवर आलेली, आणि मी आईची बोरमाळ मोडून दुसरा वकील केला. वकील बदलायचा तर आधीच्याची ना हरकत लागते. कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या टपरीशी मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा पुसला, सही केली आणि पेन्सिलीने लिहिलेले चार कागद घडी घालून माझ्या हातात दिले. "नव्या साहेबांना एवढं वाचायला सांग. पहिला प्रश्न सोडू नका म्हणावं." मी ते फाईलमध्ये घालून पोचते केले.

त्या दिवशी नवे साहेब आलेच नाहीत. त्यांच्या ज्युनिअरने तारीख मागितली. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार तिसऱ्यांदा आलाय, आता तारीख नाही. ज्युनिअर बिचारा नुसता फाईल चाळत राहिला. मागे, सुनीलच्या पिंजऱ्याशेजारी, उभे वकील होते. त्यांचा हात अर्धा वर गेला.

"तुम्ही आहात का या प्रकरणात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब."

'उलटतपासणी नाही' अशी नोंद झाली आणि वॉचमन घरी गेला. मी ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो.

सुनीलला दोन वर्षं झाली. अपील उभ्या वकिलांनीच लिहून दिलं, पण त्याची पाळी येईपर्यंत शिक्षा भोगूनही झाली. सुटून आल्यावर सुनीलने नव्या साहेबांकडून परत आलेली फाईल उघडली. चारही कागदांची घडी जशीच्या तशी. पहिला प्रश्न होता, 'भिंतीवरचा दिवा त्या पहाटे चालू होता का?'

"महिनाभर बंद होता तो, दादा," सुनील म्हणाला. "मला विचारलं फक्त यांनीच."

त्याच आठवड्यात आम्ही विठ्ठलवाडीला त्यांच्या खोलीवर गेलो. दाराशी चपलांचा एकच जोड होता. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, आणि आता पायांनीही अंथरूण धरलेलं. तुम्ही सोडवलेले कुणी भेटायला येतात का, असं मी विचारलं. "सुटलेल्याने वकिलाचं तोंड कशाला बघावं?" ते म्हणाले. "वाईट दिवस आठवतात."

सुनील दाराशीच उभा होता. त्याला तसा बघून ते कॉटच्या कडेला हात टेकून उठायला लागले. पाय साथ देईनात, तरी उठतच होते. सुनील पटकन खाली फरशीवर बसला, तेव्हा कुठे ते परत टेकले.

"तूही बस की," मला म्हणाले.

मला काही बसवेना.