बाईंनी मागून घेतलेला दंड

बाई कधी कुणाच्या दारात थेट जाऊन उभ्या राहिल्या नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला आमचा पाडा, एकेक घर आपापल्या शेतात, टेकाडावर. आम्हा भिलाला लोकांत पाहुण्यानं लांब कुंपणापाशी थांबून हाक मारायची आणि आतून 'ये' म्हटलं की मगच पुढं यायचं. सरकारी माणसं सरळ चुलीपर्यंत येत. बाई मात्र खाली नाल्यातच थांबायच्या, पदर खोचायच्या आणि हाळी द्यायच्या, "कोणी हाये का वं घरी? मी आली!" आवाज असा की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरत. 'हाकवाली बाई' हे नाव त्यांना पडलं ते पडलंच.

तालुक्याच्या गावी बसस्टँडमागं एका संस्थेचं केंद्र होतं. पाड्यांवरच्या मुलांना शिकायला ठेवून घेणं, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणं, म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढवून आणणं, ही सगळी कामं केंद्राची, आणि ती करायच्या बाई. बाकीची मंडळी बहुधा मीटिंगला असत. बाई पिंपळगाव राजाच्या, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेल्या घरातल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "माहे पोट्टे मोजून पाह्य आधी. यायच्यात नवरा कुठं बसवू?" त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी त्यांची भाषा माझ्या कानातून जात नाही.

त्या पोट्ट्यांतला मी एक. दिवाळी झाली की आईबाप गुजरातेत ऊस तोडायला जात आणि मला सोबत नेत. एका वर्षी मी आजीपाशी मागं राहिलो, तेव्हा बाई आमच्या कुंपणापाशी आल्या आणि आजीशी भांडायला बसल्या. आजी म्हणाली, "नेजो नको बाई. हा गेला तं मले पाणी कोण आणून देईन?"

"मी देईन आणून! पोट्टं मले दे. उसाच्या फडात मोठं झालं तं फडातच म्हातारं होईन थे."

आजीनं शेवटी मान हलवली. बाईंनी माझं बोचकं उचललं आणि मला मागं वळून बघू दिलं नाही. पाणी मात्र त्या बोलल्या तसं खरंच आणून द्यायच्या. पाड्यावर आल्या की आधी हंडा भरून ठेवत, मग गप्पा.

केंद्रात त्यांचा जाच होता. रोज सकाळी रांगेत बसवून डोक्याला तेल चोपडायच्या, भाकरीचा तुकडा टाकला की कान पिळायच्या. मुलं शाळेतून रडत आली, कुणी 'जंगली' म्हणालं म्हणून, तर कुशीत वगैरे घेत नसत. "काऊन रडून राह्यला बे? उद्या पह्यला नंबर आण, मंग पाहू कोण जंगली हाये थे," एवढंच. पहिला नंबर आलाच तर लगेच बजावत, "उतू नको, मातू नको."

आमच्यातली बरीच मुलं नोकरीला लागली. कुणी पोलिसात, कुणी नर्स, मी बुलढाण्याला एका कार्यालयात लिपिक. प्रत्येकाच्या नोकरीचे पेढे बाईंनी स्वतः पाड्यांवर फिरून वाटले. नाल्यातूनच ओरडत, "तुह्या नातवाले ऑर्डर आली वं!" मीही सुरुवातीला दर दिवाळीला घरी जायचो. मग लग्न झालं, मुलीची शाळा सुरू झाली, दोन एसट्या बदलून जायचं जिवावर येऊ लागलं. मी फोन करायचो. फोनवर आजी 'बरं हाये' म्हणायची आणि मला तेवढं पुरायचं. आईबाप तर तेव्हाही ऊसतोडीवरच असत.

म्हाताऱ्या माणसांकडं गेल्यावर बाई आधी त्यांच्या हातापायांची नखं बघत. पिशवीत नेलकटर ठेवलेलंच असे. "नखं वाढले का समजा, घरी कोणीच नाही," असं त्या केंद्रातल्या नव्या मुलींना सांगत. एका हिवाळ्यात त्यांनी पाड्यावरच्या रेलसिंगआजाच्या कुंपणापाशी हाक मारली. आत कुत्रं केकाटत होतं, माणूस बोलेना. बाई पहिल्यांदाच बोलावल्याशिवाय आत गेल्या. आजा चुलीपाशी पडला होता, बोलता येत नव्हतं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. त्याची सगळी मुलं बाईंनीच शिकवून मार्गी लावलेली, चारी दिशांना नोकरीवर. मातीला त्यातली निम्मी पोचली.

त्यानंतर बाईंचे पेढे बंद झाले. मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोट्टे नेता नेता मांगं बुढे राह्यले, थे मले दिसलेच नाही रे." मी त्यांची समजूत घातली. नोकरी लागली तर माणूस बाहेर जाणारच, तुमचा काय दोष, असं काहीतरी बोललो. त्या पिशवी उचलून निघाल्या. मला वाटलं, पटलं असावं.

होळीला मी पाड्यावर गेलो होतो. आमच्यात कुणाकडून चूक घडली तर मोठी माणसं मोहाच्या झाडाखाली बसतात, दंड ठरवतात. नारळ, कोंबडा, काय ते. चुकणाऱ्यानं तो द्यायचा, त्याचं शिजवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि उठलं की ती चूक संपली. पुढं कुणी ती उकरून काढली तर दंड त्याच्यावर. त्या दिवशी माणसं जमली होती, आणि बाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्यावर दंड बसवा," त्या म्हणाल्या.

म्हातारी माणसं हसली. पाड्याचा प्रमुख, म्हणजे पटेल, म्हणाला, "काय चोरलं तुनं, बाई?"

"तुमचे पोट्टे."

मग कुणी हसलं नाही. माझी आजी पुढच्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, "तुनं नेलं, मी देलं. ऊस तोडाले तं नाही नेलं न तू?" बाईंनी मान हलवली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. दंड घेतल्याशिवाय ही बाई जायची नाही, हे पटेलाला कळलं. त्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं, "एक कोंबडा. एक नारळ. शिजवाचं तुनंच."

बाई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसून चुलीशी बसल्या, आणि थोड्या वेळानं त्यांचा नेहमीचा आवाज लागला, लाकडं ओली आणली म्हणून त्या कुणाला तरी झापत होत्या. सगळ्यांच्या पुढ्यात पानं मांडली गेली. आजीला भाकरी मोडेना. बाईंनी तिला घास मोडून दिला. तिच्या बोटांची नखं कापलेली होती, नीट, अगदी कालपरवाच. ती मी कापली नव्हती.

मी उठून पटेलापाशी गेलो आणि हळूच म्हणालो, "काका, माझा पण दंड सांगा."

त्यानं माझ्याकडं मायेनंच पाहिलं.

"पाहुण्याले कुठं दंड असते, बापा?" तो म्हणाला. "बस. जेव."